उतारवय आणि खेळाचा आनंद

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात अकलूज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्मादाय रुग्णालयाच्या व्यासपीठावरून वक्त्याने आजार, पथ्य आणि औषध यांविषयी बोलावे, अशी साधारण अपेक्षा असते. मी मात्र आज खेळाविषयी बोलणार आहे, आणि तेही मुलांच्या नव्हे, तर साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या खेळाविषयी. विषय हलका वाटेल. परंतु ज्यांच्या घरात एखादे वृद्ध माणूस दिवसभर भिंतीकडे पाहत बसून असते, त्यांना हा विषय हलका वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख भरली. लसीकरण, प्रतिजैविके, स्वच्छ पाणी आणि आपल्यासारख्या संस्थांचे कार्य यांमुळे माणसाच्या पदरात वीस-पंचवीस वर्षे जास्तीची पडली आहेत. ही वर्षे मिळवण्यासाठी समाजाने कष्ट घेतले, पैसा खर्च केला. आता विचारायचा प्रश्न असा, की या वर्षांत माणसाने करायचे काय? केवळ गोळ्यांच्या वेळा पाळायच्या, की जगायचेही?

आपल्या घरांतले चित्र पाहू. वडील साठीत शेतीचा कारभार मुलाकडे सोपवतात. सासूबाई स्वयंपाकघराच्या किल्ल्या सुनेच्या हाती देतात. घरातील माणसे प्रेमानेच म्हणतात, ‘आता तुम्ही बसा, खूप केलेत.’ बाबा चालू लागले की, ‘पडाल, बसा.’ आजी नातीबरोबर मोठ्याने हसली की, ‘अहो, बाहेर पाहुणे आहेत.’ या बोलण्यात दुष्टपणा मुळीच नाही. परंतु ‘बसा, बसा’ असे दहा वर्षे ऐकलेला माणूस खरोखरच बसतो. पायाचे स्नायू वापरावाचून क्षीण होतात, तोल जातो, आणि ज्या पडण्याच्या भीतीने आपण त्याला बसवले, तेच पडणे जवळ येते. शरीराबरोबर मनही बसते. विश्रांती आवश्यक आहे. पण विश्रांती ही दिवसातील एक वेळ असावी, तो आयुष्याचा उरलेला भाग होऊ नये.

याच्या अगदी उलट चित्र आपण अकलूजकर दर आषाढी वारीत पाहतो. त्याची इतकी सवय झाली आहे की त्यातला अर्थ नजरेतून सुटतो. तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला पालखी सोहळा सराटी येथे नीरा नदीत पादुकांचे स्नान झाल्यावर आपल्या जिल्ह्यात येतो आणि अकलूज येथे सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होते. दुसऱ्या दिवशी माळीनगरला उभे रिंगण होते. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्याची पुरंदावडे आणि खुडूस येथील गोल रिंगणेही आपल्याच माळशिरस तालुक्यात होतात. रिंगणाचा एवढा मान मिळालेले तालुके थोडेच असतील.

या रिंगणात धावते कोण? पताका खांद्यावर घेतलेले वारकरी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या भगिनी धावतात, विणेकरी आणि टाळकरी धावतात, आणि मग अश्व दौडतात. या धावणाऱ्यांत पांढऱ्या केसांची माणसे किती असतात, हे यंदा मुद्दाम पाहावे. ज्या आजी घरी उंबरा ओलांडताना भिंतीचा आधार घेतात, त्या तेथे तुळस सावरत मैदानाला फेरी घालतात. रिंगण झाल्यावर ठिकठिकाणी फुगड्या रंगतात. सत्तरीतले दोन आजोबा एकमेकांचे हात धरून गिरकी घेतात, टाळाच्या ठेक्यावर पावली खेळतात, मनोरे रचणाऱ्या तरुणांना आधार देतात. कोणी त्यांना ‘वयाला शोभत नाही’ असे म्हणत नाही.

हे कसे घडते? डॉक्टर म्हणून मी याचे उत्तर असे देईन, की तेथे तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, अनेक दिवसांच्या चालीने शरीर जागे झालेले असते. दुसरी, सोबतीला माणसे असतात. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, तेथे खेळण्याची परवानगी असते. वारीत लहानथोर सारे एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात. सासरेपणा, पाटीलकी, मोठेपणा हे सारे ओझे खाली ठेवलेले असते. मोठेपणाचे ओझे उतरले की खेळ आपोआप वर येतो. म्हातारपणी खेळण्याची शक्ती संपते हे अर्धेच सत्य आहे. पुष्कळदा आधी परवानगी संपते, आणि शक्ती मागाहून जाते.

आपल्या परंपरेत उतारवयाचा संबंध विरक्तीशी जोडला गेला. हाती जपमाळ, तोंडी नाम आणि मनात निरवानिरव, असे वृद्धाचे चित्र रूढ झाले. परंतु ज्यांच्या नावाने आपण नामस्मरण करतो, त्या संतांनी खेळ वर्ज्य मानला नाही. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, टिपरी, विटीदांडू, चेंडूफळी अशा खेळांवर अभंगरचना आहे. नामस्मरण आणि खेळ यांत विरोध आहे, ही समजूत संतांची नाही. ती आपली आहे.

या परवानगीचा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत अधिक कठोर आहे, आणि तो येथे मोकळेपणाने मांडला पाहिजे. वृद्ध स्त्रियांमध्ये विधवांचे प्रमाण मोठे असते. मंगळागौरीचा झिम्मा, फुगडी, पिंगा, संक्रांतीचे हळदीकुंकू, नाव घेण्याची गंमत, बाईच्या आयुष्यातील बहुतेक सामूहिक खेळ आपण सौभाग्याशी बांधून टाकले. पती गेला की त्या बाईचा खेळही गेला. दुःखाच्या वेळी ज्या सख्यांची सर्वांत अधिक गरज, त्याच वर्तुळाबाहेर तिला उभे केले गेले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठराव आवश्यकच आहे. पण तो घराघरांत उतरण्यासाठी सुनेने सासूचा हात धरून ‘या, माझ्याबरोबर फुगडी घाला’ असे म्हणावे लागते. वारीत तुळस घेऊन धावणाऱ्या बाईला कोणी तिचे कुंकू विचारत नाही. जे वारीत चालते, ते आपल्या अंगणात का चालू नये?

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आठवा. कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी. बसमधून पंढरपूरला गेल्या. अकलूजचे रिंगणाचे मैदान रिकामे राहिले. ती बंदी जीव वाचवण्यासाठी होती आणि योग्यच होती. पण त्या काळात वृद्धांनी काय गमावले, हे आपण सर्वांनी पाहिले. पारावरची बैठक बंद, देवळातले भजन बंद, नातेवाइकांचे येणे बंद. जेवण वेळेवर मिळत होते, औषध मिळत होते, तरीही माणसे कोमेजली. अन्न आणि औषध यांखेरीज माणसाला आणखी काही लागते, याचा एवढा मोठा धडा दुसरा नसेल.

वैद्यकशास्त्र याविषयी काय सांगते? १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धनिवासात एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की आपली खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हे तुम्हीच ठरवा. त्यांनी एक रोपटे निवडावे आणि स्वतः सांभाळावे. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपटे मिळाले, पण त्याची देखभाल परिचारिका करणार होत्या आणि इतर निर्णयही कर्मचारीच घेणार होते. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील माणसे अधिक उत्साही, अधिक सावध आणि अधिक मिसळणारी आढळली. सेवा दोघांनाही मिळत होती. फरक होता तो आपल्या हाती काही असण्याचा.

२००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचे सरासरी पाच वर्षे निरीक्षण करण्यात आले. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. खेळल्यामुळे आजार टळला, की आजार सुरू झाला नव्हता म्हणून माणसे खेळू शकली, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे ठरत नाही. म्हणून ‘पत्ते खेळा आणि विसरभोळेपणा टाळा’ असे आश्वासन मी देणार नाही. पण पत्ते खेळलेली संध्याकाळ न खेळलेल्या संध्याकाळीपेक्षा चांगली जाते, याला संशोधनाची गरज नाही. खेळ हे औषध आहे म्हणून खेळू नये. तो आनंद आहे म्हणून खेळावा.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत काही सुंदर उदाहरणे घालून दिली आहेत. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईतील एका उद्यानात डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांसह हास्य क्लब सुरू केला. आरंभी विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत विनोद संपले. तेव्हा विनोदाशिवायच हसण्याचे व्यायाम त्यांनी रचले, आणि ती चळवळ जगभर पसरली. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे हे लहानसे गाव आहे. तेथे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या आजी गुलाबी साडीचा गणवेश घालून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. लहानपणी जे मिळाले नाही ते त्यांनी म्हातारपणी मिळवले, आणि त्यात शिकण्याइतकीच शाळेत जाण्याची मौज होती.

आपल्या अकलूजचे नाव लावणी स्पर्धेमुळे राज्यभर पोहोचले. त्या कलेतील थोर नाव म्हणजे वाईच्या यमुनाबाई वाईकर. १९१५ मध्ये जन्मलेल्या यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. बैठकीच्या लावणीत कलावंत बसूनच गाते आणि चेहरा, डोळे, हात यांनी अर्थ फुलवते. त्या अदाकारीच्या यमुनाबाई मानकरी होत्या. ही गोष्ट मला वैद्यकीयदृष्ट्याही महत्त्वाची वाटते. गुडघे थकले म्हणून खेळ संपत नाही. तो पायांतून बोटांत, डोळ्यांत आणि आवाजात येऊन बसतो. उभ्याने फुगडी जमत नसेल तर टाळ्यांचा खेळ जमतो. विटीदांडू सुटला तर सारीपाट आहे, सागरगोटे आहेत, बुद्धिबळ आहे, मेंढीकोट आहे. काहीच जमले नाही तर कोडी आहेत, उखाणे आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारी आजी लहानपणीची ओवी अडखळल्याविना म्हणते, हे अनेक कुटुंबांनी अनुभवले असेल. ती ओवी तिला म्हणू द्यावी, आणि शक्य तर उतरवून घ्यावी.

मात्र दोन गोष्टींत गल्लत होऊ नये. वृद्धाला खेळू देणे वेगळे आणि वृद्धाला लहान मूल समजणे वेगळे. ऐंशी वर्षांच्या माणसाशी बोबडे बोलणे, त्याला टाळ्या वाजवायला लावून पाहुण्यांसमोर त्याची करमणूक करणे, हा खेळ नव्हे, अवमान आहे. नातवाने आजोबांशी बुद्धिबळ खेळताना मुद्दाम हरू नये. आजोबांना ते कळते आणि खेळाची चव जाते. हरण्याची खरी शक्यता असेल, तरच जिंकण्याला अर्थ असतो. तसेच खेळायचे की नाही, हा निर्णय त्यांचाच असावा. एखाद्याला गप्प बसून पाखरे पाहण्यातच आनंद असेल, तर तोही त्याचा खेळच आहे.

दुसरी गोष्ट नैराश्याची. ज्याचा जोडीदार नुकताच गेला आहे, त्याला हसायला सांगू नये, त्याच्याजवळ बसावे. पण दिवसच्या दिवस भूक नाही, झोप नाही, कशातच मन लागत नाही, ‘आता मला ने रे देवा’ हेच वारंवार तोंडी आहे, असे असेल तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. नैराश्य हा वयाचा भाग नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी डॉक्टरांकडे आणावे. खेळ उपचारांच्या सोबतीला असावा, त्यांच्या जागी नव्हे.

आता देणगीदार बंधू-भगिनींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की अहवालात एक आकडा वाढतो. पण त्या आकड्यामागे काय असते? पत्त्यातील बदाम आणि चौकट पुन्हा ओळखू येऊ लागतात, वातीचा कापूस दिसतो, नातवाचे दात दिसतात. श्रवणयंत्र मिळाले की पारावरच्या गप्पांतील विनोद वेळेवर कळतो आणि सर्वांबरोबर हसता येते. नाहीतर ऐकू न येणारा माणूस हळूहळू बैठकीतून उठून जातो. कवळी बसली की संकोच न करता तोंड भरून हसता येते. गुडघ्याच्या व्यायामाने एस. टी.ची पायरी चढता येते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला. पण पायरीच चढता आली नाही तर त्या सवलतीचा उपयोग काय? आपण दिलेली देणगी म्हणजे या अर्थाने खेळाचे साहित्य आहे. आपण कोणाला डोळा दिला नाही, तर डाव दिला आहे.

२००७ च्या कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क दिला. तो असायलाच हवा. परंतु कोणताही कायदा मुलाला वडिलांबरोबर अर्धा तास पत्ते खेळायला लावू शकत नाही. ते कुटुंबानेच करायचे आहे. म्हणून कुटुंबीयांना माझ्या काही साध्या सूचना आहेत. दिवेलागणीच्या सुमारास अर्धा तास राखून ठेवावा आणि त्या वेळेत मोबाईल व दूरचित्रवाणी बाजूला ठेवावी. बसण्याच्या जागी भरपूर उजेड असावा, हाताचा आधार असलेली खुर्ची असावी, जमीन ओली किंवा निसरडी नसावी. ज्यांना हृदयविकार, चक्कर किंवा हाडांची ठिसूळता आहे, त्यांनी उभ्याचे खेळ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय खेळू नयेत. बैठे खेळ पुष्कळ आहेत. घरातील एखादे लहानसे काम, मग ते तुळशीला पाणी घालणे असो वा शेंगा निवडणे असो, पूर्णपणे त्यांच्या हाती द्यावे आणि त्यात सुधारणा सुचवू नयेत. आणि मुख्य म्हणजे, त्यांना काही विचारावे. ‘तुमच्या लहानपणी नीरेच्या काठी काय खेळत होता?’ हा एक प्रश्न पुरेसा असतो.

विश्वस्त मंडळाकडेही एक नम्र मागणी आहे. बाह्यरुग्ण विभागात वृद्धांना तासन् तास थांबावे लागते. तेथे एका कोपऱ्यात दोन बाके समोरासमोर ठेवून एक बुद्धिबळाचा पट, एक सारीपाट आणि मोठ्या अक्षरांच्या पत्त्यांचे दोन कॅट ठेवता येतील का, याचा विचार व्हावा. खर्च अगदीच किरकोळ आहे. रांगेत शेजारी बसलेली दोन अनोळखी माणसे डावाने ओळखीची होतील. डॉक्टरांनीही रक्तदाब आणि साखर विचारल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: ‘बाबा, या आठवड्यात मनापासून कधी हसलात?’ उत्तराला वेळ लागला, तर ती नोंद केसपेपरवर करण्याजोगी आहे.

बंधू-भगिनींनो, रिंगण अकलूजला वर्षातून एकदा होते. त्या दिवशी म्हातारी माणसे धावतात आणि आपण कौतुकाने पाहतो. दुसऱ्या दिवशी पालखी पुढे जाते आणि आपण त्यांना पुन्हा म्हणतो, ‘बसा.’ एवढाच बदल आपल्याला करायचा आहे. घरातले लहानसे रिंगण रोज अर्धा तास मोकळे ठेवायचे, आणि त्यात पाऊल टाकायला वडीलधाऱ्यांना आपणहून बोलवायचे. आज त्यांच्यासाठी ती जागा मोकळी ठेवली, तर उद्या आपल्यासाठीही ती मोकळी राहील.

या रुग्णालयाने माणसांचे आयुष्य वाढवण्याचे व्रत घेतले आहे. वाढलेल्या त्या आयुष्यात हसू आणि खेळ भरण्याचे काम आपल्या सर्वांच्या हातून घडो, अशी प्रार्थना करतो.